खणाबाहेरचे नमुने

माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतः केलेल्या चोरीची तक्रार द्यायला स्वतःच पोलीस चौकीत जाऊन बघावं. अंगातला ताठा उतरतो, भूक लागते आणि हवालदार या माणसाविषयी मनात खरा आदर निर्माण होतो. मी गेलो आहे, म्हणून सांगतो. पण ते पुढे येईल.

मी हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर असतो. बायकोच्या माहेरी माझ्या नोकरीचं वर्णन ‘ते खिळे विकतात’ असं केलं जातं. खिळे काय, कुणीही विकेल. आमच्या धंद्यातली कला वेगळी आहे. आमच्या गिऱ्हाइकाला काय हवंय ते पक्कं ठाऊक असतं, फक्त त्याचं नाव ठाऊक नसतं. ‘ते हे द्या हो, दाराच्या खाली असतं ते, असं असं करतं आणि मग टक् करून बसतं,’ असं म्हणून तो हवेत हात फिरवतो. त्या हातवाऱ्यावरून वस्तू ओळखायची, माप ओळखायचं, आणि घरात बायकोने नेमकं काय आणायला सांगितलं असेल तेही ओळखायचं. माझे केस काळे होते तेव्हापासून मी हे करत आलो आहे आणि आजवर फार थोडी गिऱ्हाइकं भांडायला परत आली आहेत.

काउंटरमागे जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खणांची भिंत आहे. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचा एकेक नमुना तारेने बांधलेला. बिजागऱ्यांच्या खणावर बिजागरी, कड्यांच्या खणावर कडी, हुकांच्या खणावर हुक. ही पद्धत मालकांच्या वडिलांनी पाडली. ‘चिठ्ठी लावली तर ती वाचावी लागते, आणि वाचणारा माणूस आळशी असतो,’ असं ते म्हणत. मला हे म्हणणं कधीच पटलं नाही, पण नमुने बाकी सोयीचे होते. किती सोयीचे होते ते कळायला मला थोडी अद्दल घडावी लागली.

दुकानात आम्ही तिघं. मी, गल्ल्यावरच्या मावशी आणि पैलवान. मावशी सुट्टे परत देताना उसासा टाकतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला आपण त्यांचंच काहीतरी घेऊन चाललोय असं वाटतं. पैलवान कुस्ती कधी खेळलेला नाही, पण रंगाचे डबे दोन्ही हातांत दोन-दोन घेऊन माळ्यावर चढतो, म्हणून पैलवान. मालकांचे गुडघे गेले आणि त्यांनी घरी बसायचं ठरवलं. त्यांच्या मुलाला लहानपणापासून लोखंडाच्या वासाने शिंका येतात, म्हणून तो दुसरीकडे नोकरी करतो. तेव्हा दुकानात आली सूनबाई.

सूनबाई शिकलेली, चुणचुणीत, वागायला गोड. पण आल्या आल्या पहिल्या आठवड्यात तिने भिंतीवर एक पांढरा फळा लावला. त्यावर आम्हा तिघांची नावं आणि वर तीन रकाने: हसतमुखपणा, वेग, पुढाकार. चांगलं काम केलं की त्या रकान्यात चमकीची चांदणी चिकटणार.

“आणि महिनाअखेरीला सगळ्याचा फेरविचार होईल,” असं म्हणून ती घाईघाईने आत गेली.

फेरविचार! पन्नाशी उलटलेल्या माणसाची झोप उडवायला हा एक शब्द पुरतो. मावशींनी त्या दिवशी सुट्टे नसतानाही उसासा टाकला. “तिघांतला एक जाणार,” त्या म्हणाल्या. “मी गल्ल्यावर आहे. पैलवान ओझी उचलतो.” पुढचं त्यांनी सांगितलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. दया आली की मावशी डोकं जरा कलतं ठेवतात.

मला नोकरी जाण्याची भीती वाटत होती, हे मी लपवत नाही. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? आणि घेतलं तरी तिथले खण कुठे माझ्या ओळखीचे असणार?

पहिल्या आठवड्यात पैलवानाला हसतमुखपणाच्या रकान्यात चार चांदण्या मिळाल्या. त्याच्या चेहऱ्याची ठेवणच अशी आहे की तो हसतोय असं वाटतं. त्याच्या सासऱ्याच्या अंत्यविधीलाही लोकांची हीच तक्रार होती. मला एकही नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, मग हसा ना जरा. हसायला काय पैसे पडतात?” तिने मला आरशासमोर उभं करून हसायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून हसत होतो. दुपारी एक म्हातारे गृहस्थ नळाचं वॉशर घ्यायला आले, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “दाढ आहे का? लवंग धरा.” मी तो रकाना सोडून दिला.

पुढाकाराच्या रकान्याचीही तीच गत. पुढाकार घ्यायचा तर सूचनापेटीत सूचना टाकायची असा सूनबाईचा नियम होता. पेटीला आमच्याच दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप लावलं होतं, आणि पैलवानाने पहिली सूचना म्हणून कागदात गुंडाळून चुकून किल्लीच आत टाकली होती. ते कुलूप फोडता येत नाही, अशी हमी आम्ही गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं देत आलोय. ती खरी निघाली. पेटी अजून बंद आहे.

शेवटी मी भाऊसाहेबांना गाठलं. हे आमचे शेजारी, समोरच्याच दारातले. कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण सल्ला देण्यातून निवृत्त झाले नाहीत. गळका नळ, मुलीचं लग्न, पाठदुखी, शेजारच्याचं भांडण, विषय कुठलाही असो, भाऊसाहेब आधी डोळे मिटतात, मग एक बोट वर करतात.

“अपरिहार्य व्हा,” बोट वर करून भाऊसाहेब म्हणाले.

“म्हणजे?”

“माझ्या कचेरीत चार साहेब आले, चार गेले. मला कुणी हलवू शकलं नाही. का? कुठली फाईल कुठे आहे ते फक्त मला ठाऊक होतं. मी कपाटांवरच्या चिठ्ठ्याच काढून टाकल्या होत्या! कामसू माणसाला कुणीही काढतं हो. ज्याच्यावाचून वस्तू सापडत नाही, त्याला कोण काढेल?”

मी घरी आलो, आडवा झालो आणि छताकडे बघत राहिलो. खणांची भिंत डोळ्यांपुढे आली. एवढी वर्षं त्या भिंतीपुढे काढलेली. मला नमुने कशाला हवेत? नमुने हवेत ते इतरांना! उलट त्या नमुन्यांमुळेच कुणालाही वाटतं की हे काम आपल्यालाही जमेल.

दुकानाच्या दोन किल्ल्या. एक मालकांच्या घरी, एक माझ्याकडे, कारण सकाळी दुकान मी उघडतो. रविवारी दुपारी सगळं गाव जेवून पडलं असताना मी दुकानात शिरलो, शिडी लावली आणि पक्कड घेऊन एकेक तार सोडत गेलो. नमुने एका जुन्या कापडी पिशवीत टाकले. वाकून, चढून, उतरून कंबर मोडली. पण शेवटी शिडीवरून खाली उतरून बघितलं, तर सगळी भिंत कोरी करकरीत. प्रत्येक खण दुसऱ्या खणासारखा. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे खरं आहे.

घरी येऊन पिशवी गॅलरीत रिकाम्या कुंड्यांमागे ठेवली. संध्याकाळी पेपर वाचायला बसलो तर चष्मा सापडेना. घर उलटंपालटं केलं. बायको म्हणाली, “डोक्यावर आहे का बघा.” नव्हता. मग जुना चष्मा काढला, ज्याची एक काडी तुटली होती म्हणून तिथे दोरा बांधला होता. तो लावला की समोरचा माणूस ओळखू येतो, पण तो रागावलाय की नाही ते कळत नाही. पुढच्या काही दिवसांत ही सोयच ठरली.

सोमवारी सकाळी दुकानात हाहाकार. खरं तर सगळ्यांत आधी मीच पोचलो होतो, त्यामुळे हाहाकाराची सुरुवातही मलाच करावी लागली. ती मी बऱ्यापैकी केली.

“चोरी!” मावशी गल्ल्याकडे धावल्या. गल्ला जागच्या जागी होता.

“उंदीर असतील,” पैलवान म्हणाला.

“उंदीर तार सोडतात का रे?”

“मोठे असले तर?”

सूनबाई भिंतीपुढे उभी राहून म्हणाली, “कमाल आहे. प्रत्येक वस्तू एकेकच नेली. कुलूप तोडलेलं नाही. शिडीसुद्धा परत जागेवर ठेवली. इतका टापटिपीचा चोर मी ऐकला नव्हता.”

मला बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं, कारण त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की कुलूप न तोडता आत येऊ शकणारी माणसं दोनच घरांतली होती, आणि मालकांच्या घरातली माणसं स्वतःच्या दुकानातून बिजागऱ्या चोरणार नाहीत. भाऊसाहेबांनी ही बाजू मला सांगितली नव्हती.

“काका, तुम्ही चौकीत जाऊन तक्रार देऊन या,” सूनबाई म्हणाली. “दुकानातले सगळ्यांत जुने तुम्हीच.”

तर असा मी पोलीस चौकीत गेलो. हवालदार चहा बशीत ओतत होते.

“काय गेलं?”

“नमुने.”

“कसले?”

“सगळ्याचे. बिजागरी एक, कडी एक, हुक एक, स्क्रू... म्हणजे प्रत्येक मापाचा एक.”

“बाकी माल?”

“खणात आहे.”

“म्हणजे चोर खणाशी आला, खण उघडला नाही, बाहेरचा एक स्क्रू सोडवून घेऊन गेला?” हवालदारांनी बशी खाली ठेवली. “कुलूप कसं फोडलं?”

“फोडलं नाही.”

“किल्ली कुणाकडे असते?”

“एक मालकांकडे. आणि एक...” मी नकळत खिशावर हात ठेवला. “माझ्याकडे.”

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या दोऱ्याच्या चष्म्यातून त्यांचा चेहरा धूसर दिसत होता, देवाची कृपा. “चोरीला गेलेल्या वस्तू नेमक्या कशा दिसतात, ते आम्हाला कळायला हवं,” ते म्हणाले. “एकेक नमुना घेऊन या.”

“साहेब, नमुनेच तर चोरीला गेलेत.”

हवालदारांनी बशीतला चहा परत कपात ओतला. मग हवालदार थकल्या आवाजात म्हणाले, “काका, घरी जा. नीट शोधा. सापडलं नाही तर बघू. तोवर तिथे कुणी हात लावू नका.”

हे शेवटचं वाक्य मी तळहातावरच्या फोडासारखं जपत दुकानात आणलं. कारण परत आलो तेव्हा पैलवान म्हणतच होता, “त्यात काय? प्रत्येक खणातून एक काढायचं आणि बाहेर बांधायचं.” अगदी सोपं होतं! असं झालं असतं तर माझी रविवारची मेहनत तासाभरात पाण्यात गेली असती. मी दोन्ही हात पसरून भिंतीपुढे उभा राहिलो. “खबरदार! पोलिसांचा हुकूम आहे. जागा आहे तशी ठेवायची!”

सोमवार आणि मंगळवार हे माझ्या नोकरीतले सोन्याचे दिवस. पैलवान ओरडायचा, “काका, तीन इंची बिजागरी?” मी मागे वळूनही न बघता म्हणायचो, “खालून तिसरी ओळ, खिडकीकडून दुसरा.” तो खण उघडायचा आणि आत बिजागरी! मावशींचं डोकं परत सरळ झालं. सूनबाईने माझ्या नावापुढे वेगाच्या रकान्यात एका दमात दोन चांदण्या लावल्या. घरी जाताना मी भाऊसाहेबांचं दार वाजवून त्यांना अभिवादन केलं.

बुधवारी एक सुतार आला. त्याला कपाटाच्या दाराचे चुंबक हवे होते. “वरून दुसरी ओळ, मधला,” मी म्हणालो. पैलवानाने खण उघडला. आत पडद्याच्या कड्या. “त्याच्या शेजारचा,” मी म्हणालो. त्यात मेजाच्या पायांची रबरं. सुतार उभा, पैलवान शिडीवर, सूनबाई बघतेय, आणि मी घामाघूम.

तेव्हा मला लख्ख उमगलं. रोज लागणाऱ्या मालाच्या जागा मला पाठ होत्या. बाकी सगळ्या मला कधीच पाठ नव्हत्या. एवढी वर्षं मी नमुने बघत होतो आणि त्याला माझी स्मरणशक्ती समजत होतो.

“संपलेत चुंबक,” मी सुताराला सांगितलं.

त्यानंतर जे माझ्या आठवणीत नव्हतं ते सगळं दुकानातून संपलं. मुठी संपल्या, चाकं संपली, आरसा लावायचे स्क्रू संपले. गिऱ्हाइकं समोरच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. एक बाई तर म्हणाल्या, “अहो, ते काय, दिसतंय ना मला, तुमच्या मागच्या उघड्या खणात!” मी म्हणालो, “ते दुसऱ्या कुणाचं आहे.” जेवणाच्या सुट्टीत मी चोरून खण उघडून पाठांतर करायला लागलो, पण दोऱ्याच्या चष्म्यातून मला अर्धा इंची आणि पाऊण इंची स्क्रूमधला फरक दिसेना.

शेवटी ठरवलं: पुरे झालं. पहाटे लवकर जाऊन नमुने गुपचूप परत बांधायचे. चोराला पश्चात्ताप झाला, असं सांगायचं. गुरुवारी घरी आलो, गॅलरीत गेलो, कुंड्या सरकवल्या. पिशवी नाही.

“अगं, इथली पिशवी?”

“ते लोखंडाचं भंगार? दिलं. काल भंगारवाला आला होता. किती दिवस सांगतेय, दुकानातला कचरा घरी आणू नका.”

मी तिथेच पालथ्या कुंडीवर बसलो. मग मला तिला सगळं सांगावं लागलं. ती ऐकत गेली, तिचे डोळे मोठे मोठे होत गेले आणि शेवटी म्हणाली, “आणि लग्नाच्या वेळी मला सांगितलं होतं की मुलगा साधा आहे.” मग थोड्या वेळाने, वेगळ्या आवाजात, “उद्या जाऊन सूनबाईंना सरळ सांगून टाका. काय होईल? फार तर घरी बसाल. मी आहे.” मी नुसती मान हलवली.

एवढ्यात भाऊसाहेब आले. “तुमच्याकडच्या भंगारात एक दाराची स्प्रिंग दिसली हो, काल दाराबाहेर पिशवी ठेवली होती तेव्हा. घेतली मी. फेकायचीच होती म्हणून. उत्तम आहे! दार आपोआप लागतं.” आणि सरळ सांगण्याचा विषय कळल्यावर बोट वर करून, “कबूल काहीही करू नका. पुरावा मागा.” बायकोने त्यांच्या तोंडावर दार लावलं. आमच्या दाराला स्प्रिंग लागत नाही.

सकाळी आधी भंगारवाल्याकडे पळालो. तो वजनकाट्यावर बसून दात कोरत होता. “ती पिशवी? अहो, तिच्यावर तुमच्या दुकानाचं नाव छापलेलं होतं. मी म्हटलं दुकानाचाच माल असणार, चुकून आला. काल संध्याकाळी नेऊन दिली, तुम्ही घरी गेल्यावर. बाईंच्या हातात दिली.”

“कुणाच्या घरून आली ते सांगितलंस?”

“मी दिवसात इतकी घरं करतो, लक्षात थोडीच राहतं!”

मी त्याच्या पाया पडलो नाही एवढंच. म्हणजे अजून आशा होती. सरळ सांगायचा निश्चय तिथेच वजनकाट्यावर ठेवून मी दुकानात गेलो.

सूनबाई आतल्या खोलीत होती. टेबलावर नमुन्यांचा ढीग, आणि ती एका कोयंड्याकडे, गणित न सुटलेल्या मुलीसारखी बघत होती.

“काका, आत या. दार लावा. हे बघा, भंगारवाल्याने आणून दिलं. कुणी दिलं ते त्याला आठवत नाही.”

“काय माणसं असतात एकेक!” मी म्हणालो. “लाज नाही, शरम नाही. अशाला चांगलं...”

“जाऊ दे हो,” ती घाईने म्हणाली. आणि मग खुर्चीत मागे टेकली. तिचे डोळे भरून आल्यासारखे वाटले, पण माझा चष्मा विश्वासाचा नव्हता. “काका, उद्या बाबा येणार आहेत. परीक्षा घ्यायला.”

“आमची?”

“तुमची कशाला? माझी! फेरविचार माझा आहे. दुकान चालवायला मला येतंय असं त्यांना वाटलं तर ठीक, नाहीतर ते जागा शेजारच्या टाइल्सवाल्याला देऊन मोकळे होणार. मग तुम्हीही गेलात, मावशीही, पैलवानही. कोर्समध्ये शिकवलं तसा फळा लावला, चांदण्या लावल्या. मला वाटलं तुम्ही तिघं चमकलात तर मी तरून जाईन. पण काका,” तिने कोयंडा उचलला, “हे काय आहे, तेच मला माहीत नाही.”

ज्या शब्दाने महिनाभर माझी झोप उडवली होती, त्यानेच तिचीही उडवली होती. मला एकदम हसू आलं, आरशापुढे न शिकलेलं. “हा कोयंडा,” मी म्हणालो. “कडी यात अडकते, वरून कुलूप. आणा इकडे.”

ढिगातलं एकेक उचलून मी सांगत गेलो. हे कुठे लागतं, हे कोण मागायला येतं, मागताना हात कसा फिरवतं. हे मला येत होतं. जागा आठवत नव्हत्या, पण वस्तू माझ्या ओळखीच्या होत्या, अगदी नात्यातल्या असाव्यात तशा. ती शिकायला चलाख निघाली. मग आम्ही चौघांनी मिळून खण उघडायचे, आत बघायचं आणि जुळणारा नमुना बाहेर बांधायचा, असं चालवलं. पोलिसांच्या हुकमाचं काय, असं पैलवानाने विचारलं. मी म्हणालो, “पोलिसांना मी बघून घेतो.” दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत भिंत पुन्हा पहिल्यासारखी दिसू लागली. एकच खण कोरा राहिला. उघडला तर आत काहीही नव्हतं, बांधायचं काय? तो तसाच ठेवला.

शनिवारी मालक काठी टेकत आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. आम्ही तिघं फळ्याखाली ओळीत उभे, जणू आमचाच वधूपरीक्षेचा कार्यक्रम होता. सूनबाई काउंटरमागे एकटी.

“हं,” मालक म्हणाले. “मी गिऱ्हाईक. ते द्या हो, खिडकीला असतं, वाऱ्याने आपटू नये म्हणून अडकवतात ते.” आणि त्यांनी हवेत बोट वाकवलं.

सूनबाईने बोटाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, खण उघडला आणि हुक त्यांच्यापुढे ठेवला. “किती इंची हवा? खिडकी लाकडी की लोखंडी?”

मालकांची भुवई वर गेली. त्यांनी नळाचं काहीतरी मागितलं, कपाटाचं मागितलं, एकदा तर नुसतंच ‘टर्र’ असा आवाज करून दाखवला. ती चुकली नाही. माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते असं मावशी नंतर म्हणाल्या.

“आता शेवटचं,” मालक म्हणाले. “आमच्या न्हाणीघराचं दार उघडंच राहतं. आपोआप लागावं म्हणून लावतात ते.”

स्प्रिंग! भाऊसाहेबांच्या दारावरची स्प्रिंग! सूनबाईची नजर खणांवरून फिरली, एकदा वर, एकदा खाली. तिने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? कुठला खण होता तो मलाही आठवत नव्हतं. मावशींनी उसासा टाकायला श्वास घेतला आणि तसाच धरून ठेवला.

सूनबाई थांबली. मग शांतपणे त्या एका कोऱ्या खणापाशी गेली आणि तो पूर्ण बाहेर ओढून मालकांना दाखवला. रिकामा.

“दाराची स्प्रिंग संपली आहे, बाबा. नमुन्याची होती तेवढीच शेवटची, तीही गेली. सोमवारी मागवते. पहिली तुमच्याकडे पाठवते.”

मालकांनी वाकून त्या रिकाम्या खणात बघितलं. मग काठी जमिनीवर आपटून हसले. “आहे ते कुणीही काढून देईल गं! काय नाही, हे छातीठोकपणे सांगता आलं की दुकानदारी आली. माझे वडील असते तर त्यांनी तुला गल्ल्यावर बसवलं असतं.” मावशी दचकल्या. “टाइल्सवाल्याला सांगतो, जागा बघ म्हणावं दुसरी. आणि हे काय गं, चांदण्या कसल्या? शाळा काढलीस का? माणसं आहेत ती. कुणीही कुठे जायचं नाही.”

मावशींनी धरून ठेवलेला उसासा सोडला. पैलवान हसत होता, आणि या वेळी खरोखर हसत होता. मी शिडीच्या पायरीवर बसून घेतलं. आयुष्यात इतकं हलकं मला फार कमी वेळा वाटलं आहे.

मालक गेल्यावर सूनबाईने फळ्यावरच्या चांदण्या काढून टाकल्या आणि वर लिहिलं, ‘मागवायचा माल’. खाली पहिलंच: स्प्रिंग. मग ती आतून एक घडी घातलेली पिशवी आणि आणखी काहीतरी घेऊन आली आणि माझ्यापुढे काउंटरवर ठेवलं.

“काका, तुमचा चष्मा. पिशवीच्या तळाशी होता.”

मी चष्म्याकडे बघत राहिलो. शिडीवर वाकताना खिशातून पडला असणार. दोन्ही काड्यांसकट माझाच चष्मा. कानामागे ऊन ऊन लागायला लागलं.

“म्हणजे तुम्हाला गुरुवारीच...”

“गुरुवारी संध्याकाळी.”

“मग तेव्हाच का नाही दिलात?”

“तेव्हा दिला असता तर तुम्ही शरमेने नोकरी सोडून गेला असता,” सूनबाई म्हणाली. “मग मला कोयंडा कुणी सांगितला असता?”

मी दोऱ्याचा चष्मा काढला, माझा लावला. सगळं एकदम स्पष्ट दिसायला लागलं. ती रागावलेली नव्हती.

“सोमवारी सकाळी जरा लवकर या,” ती म्हणाली, “ते पाऊण इंची आणि अर्धा इंची स्क्रू मला अजून एकच वाटतात.”

घरी जाताना जिन्यात भाऊसाहेबांचं दार माझ्या पाठीमागे धाडकन आपोआप लागलं. मी मागे वळून बघितलं नाही. बायको दारात उभी होती. तिने आधी माझ्या नाकावरचा चष्मा बघितला, मग माझा चेहरा बघितला, आणि काहीही न विचारता चहाचं आधण ठेवायला आत गेली.